देवाच्या दारातल्या याद्या

अखंड हरिनाम सप्ताह बसायच्या आदल्या दिवशी आमच्या गावच्या मंदिराच्या भिंतीवर एक कागद चिकटायचा. वहीचं जोडपान, पट्टीनं आखलेले रकाने आणि वर लाल शाईत 'वीणा पहारा'. सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नसते. कुणी ना कुणी ती गळ्यात घेऊन उभं राहायचं असतं. दोन-दोन तासांची पाळी धरली तर सात दिवसांच्या ८४ पाळ्या होतात. ही यादी माझे वडील करायचे. दिवसाच्या पाळ्या ओट्यावर बसल्या बसल्या भरायच्या, पण रात्री दोन ते चारला माणूस मिळायचा नाही. त्या सात नावांसाठी ते दारोदार फिरत, आणि त्यात एखादं दार असं निघायचंच की जिथं ते वर्षभर गेलेले नसत.

एका वर्षी ते बांधावरून बोलणं बंद असलेल्या शेजाऱ्याच्या दारात गेले. मी फ्रॉकातली पोर, त्यांचं बोट धरून सोबत होते. दोघंही एकमेकांकडे न बघता बोलले. "दोननी पायी मोकयी शे," वडील अहिराणीत म्हणाले, म्हणजे दोनची पाळी मोकळी आहे. "लिखी ल्या मंग," शेजारी म्हणाला. एवढंच. रात्री दोनला तो अंघोळ करून, डोक्याला टोपी घालून आला. वडिलांच्या गळ्यातली वीणा त्यानं आपल्या गळ्यात घेतली आणि रिवाजाप्रमाणे दोघं एकमेकांच्या पाया पडले. बांधाचं भांडण त्यानंतरही दोन वर्षं चाललं. तरी विहिरीवरची मोटर चोरीला गेली तेव्हा वडिलांनी पहिली हाक मारली ती त्यालाच. रात्री दोनला येणारा माणूस म्हणून तो त्यांना ठाऊक झाला होता.

धर्म घरात असावा की चौकात, या वादात मी पडते तेव्हा मला हा कागद आठवतो. 'श्रद्धा ही खासगी बाब आहे' असं आपण सहज म्हणून जातो. मनातली श्रद्धा खासगी असतेच. माझ्या वडिलांचं पांडुरंगाशी काय बोलणं चालायचं ते कधी कुणाला कळलं नाही. पण चार माणसं देवाच्या नावानं एकत्र येऊन काही करू लागली की यादी करावी लागते. पहारा कुणाचा, अन्नदान कुणाचं, वर्गणी किती, पालखीला खांदा कोण देणार, मान कुणाचा. ही यादी उघड असते, भिंतीवर असते. गावातल्या कुणीही ती वाचावी आणि तिच्याबद्दल प्रश्न विचारावा. धर्माचा सार्वजनिक जीवनाशी संबंध नेमका काय, हे मी तरी या याद्यांवरूनच शिकले.

यादी एकाच वेळी दोन कामं करते. ज्यांचं नाव तिच्यात आहे त्यांना ती एकमेकांशी बांधते. ज्यांचं नाव नाही त्यांना ती बाहेर ठेवते. दुसरं काम बहुतेक वेळा गुपचूप होतं, म्हणून ते लवकर दिसत नाही.

सव्वा मूठ

कानबाईचे रोट घ्या. खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी कानबाई बसते. रोट म्हणजे तिचा गव्हाचा नैवेद्य. नारळालाच देवी मानतात, त्याला डोळे लावतात, नथ घालतात, चौरंगावर मांडतात. रात्रभर अहिराणी गाणी चालतात आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर विसर्जन होतं. या सणाला भाऊबंदकी एकत्र येते. पुण्याला, सुरतेला, नाशिकला नोकरीसाठी गेलेली पोरं दिवाळीला एक वेळ येणार नाहीत, पण रोटांना येतात. वर्षभर वेगळ्या चुली असलेली घरं त्या दिवशी एका घरात रांधतात.

रोटांसाठी गहू मोजायची पद्धत आमच्या घराण्यात अशी आहे. भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात पडतो. आदल्या दिवसाचं जन्मलेलं बाळ असलं आणि तो मुलगा असला, तरी त्याची सव्वा मूठ पडते. नाव घ्यायचं आणि मूठ टाकायची. कोण परगावी आहे, कोण आजारी आहे, कोण रुसून आलेला नाही, सगळं त्या नावांच्या ओघात निघतं. माझी मोठी माय म्हणायची, "एक मूठ कमी पडनी तं समदासले कमी पडस." म्हणजे एक मूठ कमी पडली तर सगळ्यांनाच कमी पडतं. एखाद्या घराचं नाव गाळलं तर रोट देवीला पोचत नाहीत, अशी तिची पक्की समजूत होती. त्यामुळे भांडून वेगळ्या झालेल्या दिराचीही मूठ ती न चुकता टाकायची. भाऊबंदकीचा अर्थ मराठीत हल्ली फक्त भांडण असा उरलाय. ती मोजदाद बघितल्यावर त्याचा दुसरा अर्थ कळतो: ज्याचं नाव गाळता येत नाही तो भाऊबंद.

आता याच सुपाकडे दुसऱ्या बाजूनं बघा. त्यात माझ्या नावाची मूठ कधीच पडली नाही. लग्नाआधी मुलगी म्हणून नाही, लग्नानंतर सून म्हणून नाही. लग्न झालेल्या मुलीनं माहेरचा रोट खायचा नाही, हाही आमच्या घराण्यातला नियम. म्हणजे जी दळते, रांधते, रात्रभर गाते, ती मोजली जात नाही. देवी बाई आहे आणि यादी पुरुषांची आहे. मला कानबाई फार प्रिय आहे, आणि तरी हे मला खुपतं. माझ्या मनात या दोन्ही गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत. मागच्या काही वर्षांत आमच्याकडे पोरींच्या नावाची मूठ टाकायची बोलणी सुरू झाली आहेत. एका चुलत भावजयीनं तर कुणाला न विचारता टाकलीही. थोरल्या काकू बघत होत्या, पण बोलल्या नाहीत.

रथ कुठे थांबतो

घरची यादी भाऊबंदकीपुरती असते, गावाची त्याहून मोठी. जळगावचा श्रीरामाचा रथ बघायला हवा. कार्तिकी एकादशीला जुन्या गावातल्या मंदिरातून तो निघतो. आप्पा महाराजांनी १८७२ साली ही परंपरा सुरू केली. लोक दोर ओढतात, पण रथ सांभाळतात ते मोगरीवाले. मोगरी म्हणजे चाकाखाली सरकवायचा लाकडी ठोकळा. एवढा जड रथ वळवायचा आणि थांबवायचा म्हणजे चालत्या चाकापुढे वाकून, अचूक वेळेला मोगरी लावायची आणि हात मागे घ्यायचा. चुकलं तर बोटं जातील. हे काम ठरावीक लोकांकडे असतं आणि बाप ते लेकाला शिकवतो.

हा रथ भिलपुऱ्यात लालशाहबाबांच्या दर्ग्यापाशी थांबतो आणि तिथं चादर चढवली जाते. आप्पा महाराज आणि लालशाहबाबा यांची मैत्री होती असं सांगतात. ती दोघं जाऊन किती काळ लोटला, पण रथाच्या थांब्यांच्या यादीत तो थांबा राहिला. मैत्री ही दोन माणसांची गोष्ट असते आणि त्यांच्याबरोबर संपते. ती रिवाजात घातली की पुढच्या पिढ्यांना पाळावी लागते. माझ्या मते धर्माचं सार्वजनिक जीवनातलं हे सगळ्यात मोलाचं काम आहे.

धुळ्याची गोष्ट याहून अवघड आहे. तिथल्या मानाच्या गणपतीला लोक खुनी गणपती म्हणतात आणि मिरवणुकीच्या वाटेवरच्या मशिदीला खुनी मशीद. १८९५ साली या मिरवणुकीवरून वाद पेटला, इंग्रज सरकारच्या पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसं मेली. नाव तिथून पडलं. आज तीच पालखी बारा पावलीच्या ठेक्यावर नाचत मशिदीसमोर येते, थांबते, मुस्लीम मंडळी फुलं उधळून तिचं स्वागत करतात आणि तिथंच आरती होते. ज्या जागी रक्त सांडलं तीच जागा स्वागताची ठरवली. हे ठरवणाऱ्यांना ते सोपं गेलं असेल असं मला वाटत नाही. झालेलं विसरू या, असं त्यांनी म्हटलं नाही. नावातला 'खुनी' हा शब्द त्यांनी तसाच ठेवला.

तरीही, हे झालं म्हणजे सगळं झालं असं कुणी मानू नये. त्याच धुळ्यात २००८ साली दंगल झाली, २०१३ साली पुन्हा झाली. २०१३ ची ठिणगी खाणावळीतल्या बिलाच्या भांडणातून पडली आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा जण गेले. वर्षातून एकदा फुलं उधळण्यानं दंगल थांबतेच असं नाही. पण दंगलीनंतर पहिल्यांदा कुणी कुणाच्या दारात जायचं हा प्रश्न पडतो, तेव्हा ज्यांच्यात आधीपासून असा रिवाज आहे त्यांना निदान दार माहीत असतं.

यादीबाहेरची माणसं

ज्यांचं नाव यादीत नव्हतं त्यांचं काय? याचं उत्तर शोधायला अमळनेरला जावं लागतं. बोरी नदीच्या काठी सखाराम महाराजांचं संस्थान आहे, वैशाखात नदीच्या पात्रात यात्रा भरते आणि रथ निघतो. याच गावात प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० साने गुरुजी शिक्षक होते. वारकरी भक्तीत ते पुरते भिजलेले होते, आणि नेमकं त्यामुळेच त्यांना पंढरपूरच्या विठ्ठलाचं दार बंद असणं सहन झालं नाही. ज्या देवाला चोखोबांनी आळवलं त्याच्या देवळात चोखोबांच्या जातीच्या माणसाला पाऊल ठेवता येत नव्हतं. १९४७ साली गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर दौरा केला, गावोगावची मंदिरं आणि विहिरी खुल्या करा म्हणून लोकांना विनवलं आणि १ मेपासून पंढरपुरात उपोषण मांडलं. दहाव्या दिवशी मंदिर खुलं करायचा निर्णय झाला. धर्म सोडा, असं गुरुजींनी कुणाला सांगितलं नाही. तुमच्याच अभंगात जे लिहिलंय ते दारात लागू करा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

त्याआधी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं केली आणि ती साने गुरुजींनीच उतरवून घेतली. समोर बसलेले सत्याग्रही कैदी. तिथं मान नव्हता, वर्गणी नव्हती, पहिली पंगत नव्हती. मला ही प्रवचनं वाचताना नेहमी ते अंगण दिसतं.

सातपुड्याच्या पायथ्याची गोष्ट आणखी वेगळी. तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे गुलाम महाराज हे आदिवासी संत. १९३० च्या दशकात त्यांनी आरतीसाठी माणसं जमवायला सुरुवात केली. दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना 'आप' म्हणून नमस्कार करा, हे त्यांचं सांगणं. वाचायला हे साधं वाटतं. पण ज्या माणसाला सावकार आणि दारूवाला दोघंही 'अरे' म्हणून हाक मारत होते, त्यानं शेजाऱ्याला 'आप' म्हणायचं आणि स्वतः 'आप' म्हणून घ्यायचं, याचा अर्थ किती मोठा होता ते बघा. आरतीला हजारो लोक येऊ लागल्यावर सरकारही दचकलं. पुढे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शहाद्यात भूमिहीन आदिवासी मजुरांची चळवळ उभी राहिली, गेलेल्या जमिनी आणि पुरेशी मजुरी मागू लागली. तिच्या उभारणीतला मोठा माणूस होता अंबरसिंग सुरतवंती. लोक त्यांना अंबरसिंग महाराज म्हणत, कारण ते भजनं म्हणायचे. माणसं आधी भजनाला जमली, मग सभेला.

त्याच सातपुड्यात एखाद्या बाईला 'डाकीण' ठरवून गावाबाहेर काढलं जातं, मारलं जातं, हेही मला इथं लिहायलाच हवं. बहुतेक वेळा ती एकटी असते, तिच्या नावावर थोडी जमीन असते, घरातला कर्ता पुरुष गेलेला असतो. हीसुद्धा श्रद्धेच्या नावानं केलेली यादीच, एकाच नावाची. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं हा गुन्हा ठरवला आहे आणि शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे.

कायदा काय बघतो

आपल्याकडचं सरकार धर्मापासून हात झटकून दूर उभं राहत नाही. तसं करावं असं संविधानही सांगत नाही. संविधानाच्या २५ व्या कलमानं प्रत्येकाला धर्म पाळायचा हक्क दिला आहे, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांना तो बाधणार नाही या अटीवर. याच कलमात सार्वजनिक स्वरूपाची हिंदू देवस्थानं हिंदूंच्या सर्व वर्गांना खुली करणारे कायदे करायचा अधिकारही सरकारला आहे. सोप्या शब्दांत सांगायचं तर, मनातल्या श्रद्धेला कायदा हात लावत नाही; सार्वजनिक यादीतून माणसं वगळली जाऊ लागली की मध्ये पडतो.

गावाचं मंदिर कुणाच्या मालकीचं, असा प्रश्न नेहमी येतो. पुजाऱ्याचं नाही, पाटलाचं नाही, सरपंचाचं नाही. कायद्याच्या नजरेत देव हीच एक व्यक्ती आहे, तिच्या नावावर जमीन असू शकते. मात्र तिला अल्पवयीन मुलासारखं धरतात, म्हणून तिचा कारभार बघायला विश्वस्त लागतात. पुजारी जमिनीचा मालक होत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०२१ साली मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात पुन्हा स्पष्ट केलं. महाराष्ट्रात मंदिर, चर्च यांसारख्या सार्वजनिक न्यासांना १९५० चा विश्वस्त व्यवस्था कायदा लागू होतो. नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे होते. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत 'चेंज रिपोर्ट' द्यायचा असतो, हिशेब तपासून घ्यायचे असतात, देवाची जमीन विकायची तर आधी परवानगी घ्यावी लागते. मंडळ नोंदलेलं नसेल तर उत्सवाची वर्गणी गोळा करण्याआधीही धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणपतीत मंडळांची पोरं त्यासाठीच चकरा मारत असतात.

आणि वर्गणी दिली नाही म्हणून कुणाला पंगतीत बसू न देणं, मयतीला न जाणं, दुकानातून माल न देणं, हे २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. तो २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा कितीतरी गावांत अजून कुणी वाचलेला नाही. वाचायला हवा, खासकरून पंचमंडळींनी.

फरशी

आमच्या गावच्या मारुतीचा जीर्णोद्धार झाला तेव्हाची गोष्ट. घरटी वर्गणी ठरली, शेतकऱ्याला जेवढी तेवढीच मजुराला. नदीकाठच्या भिल्ल वस्तीतल्या घरांना ती झेपण्यासारखी नव्हती. मग वस्तीतल्या बायांनी सांगितलं, आम्ही वाळू वाहू. दीड महिना त्या सकाळी कामाला जायच्या आधी टोपल्यांनी वाळू आणून टाकत होत्या. मी माहेरी गेले होते तेव्हा पाहिलंय, उजाडायच्या आत मंदिरामागं ओल्या वाळूचा ढीग आणि त्यावर टोपल्यांच्या काठाचे गोल ठसे. काम झालं, कलश चढला, भंडारा झाला. वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीची पंगत उठली, त्यात वस्तीही बसली, एकाच ओळीत. आजोबांच्या वेळी हे झालं नसतं.

मग पायरीवर दात्यांच्या नावांची संगमरवरी फरशी बसली. मोठ्या देणगीपासून खाली उतरत आलेली यादी, आणि एका रकमेच्या खाली ती थांबली. वाळू वाहणाऱ्यांचं एकही नाव तिच्यात नव्हतं. माझ्या भावानं बैठकीत विचारलं तेव्हा उत्तर आलं की फरशी पैशांची आहे, कामाची नाही. मला ते उत्तर देणाऱ्याचा राग आला नाही, कारण तो खरंच तसं समजत होता. देणगी म्हणजे पैसा, हे त्यानं आयुष्यभर फरशांवर वाचलं होतं. भाऊ म्हणाला, मग पैशांत मोजू. त्या वेळची मजुरी धरून त्यानं बायांच्या दीड महिन्याचा हिशेब बैठकीत वाचून दाखवला. एकत्र धरलेली ती रक्कम फरशीवरच्या पहिल्या नावापेक्षा मोठी निघाली. बैठक बराच वेळ गप्प होती. पण नवी फरशी करायला कुणी तयार झालं नाही, खर्च नको म्हणाले.

पुढच्या हनुमान जयंतीला वस्तीतल्या आणि गावातल्या काही पोरांनी मिळून फरशीच्या खाली, भिंतीच्या मोकळ्या पट्ट्यावर शेंदरी ऑइल पेंटनं एक ओळ लिहिली: 'श्रमदान – वस्तीतील समस्त महिला मंडळ'. पंचांनी पुसायला लावली नाही. पावसाळ्यात ती पुसट होते. दर वर्षी जयंतीच्या आदल्या संध्याकाळी पोरं डबा आणि ब्रश घेऊन येतात आणि ती पुन्हा गिरवतात.